ट्रायटोन : एकाच अंतराला दोन नावं का, आणि ते स्वस्थ का बसू देत नाही?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य संगीताची थिअरी माझी मीच शिकते आहे. पेटी येते, त्यामुळे कीबोर्डची भीती नाही. सेकंड, थर्ड, फोर्थ, फिफ्थ ही स्वरांतरं डोक्यात नीट बसली. ट्रायटोनपाशी मात्र गाडं अडलंय.

व्याख्या कळते. तीन पूर्ण टोन, म्हणजे सहा सेमीटोन, म्हणजे सप्तकाचा बरोबर मध्य. उदाहरणार्थ पांढरी चार आणि पांढरी सात, एफ आणि बी. पण याच अंतराला एका पानावर ऑगमेंटेड फोर्थ म्हटलंय आणि दुसऱ्या पानावर डिमिनिश्ड फिफ्थ. सेमीटोन मोजले तर दोन्हीकडे सहाच. मग नावं दोन कशाला?

दुसरं असं, की 'हे अस्थिर स्वरांतर आहे, ते रिझॉल्व्ह व्हायला (स्थिर स्वरांवर जाऊन विसावायला) बघतं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नुसत्या दोन पट्ट्या दाबून ऐकलं तर मला ते फार कर्कश वाटत नाही. मायनर सेकंड याहून कितीतरी जास्त टोचतो. तरी बदनामी सगळी याच्या वाट्याला. आणि चर्चने यावर बंदी घातली होती म्हणतात, ते खरं आहे का?

जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

टिपकागद

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे. मलाही त्या दोन नावांचं कोडं कधी सुटलेलं नाही.

अनाहत

मंद्रसप्तक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

ट्रायटोन एकटा दाबून ठेवलात तर तो फारसं बोलणार नाही. त्याच्याभोवती सप्तक उभं करा. सी मेजरचे सात स्वर घ्या आणि त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावा. एकूण २१ जोड्या होतात. थर्ड आणि त्याचा उलटा सिक्स्थ, फोर्थ आणि त्याचा उलटा फिफ्थ असे एका खात्यात धरले, तर फोर्थच्या जोड्या ६, मेजर सेकंडच्या ५, मायनर थर्डच्या ४, मेजर थर्डच्या ३, मायनर सेकंडच्या २ आणि ट्रायटोनची फक्त १. ती जोडी एफ आणि बी. कागद घेऊन एकदा स्वतः मोजाच. कोणतंही मेजर सप्तक घेतलं तरी आकडे हेच येतात.

आता हे उलट्या बाजूने बघा. कोणी तुम्हाला नुसते सी आणि जी वाजवून दाखवले आणि विचारलं, की हे कुठल्या मेजर सप्तकातले, तर सांगता येणार नाही. ही जोडी सहा सप्तकांत बसते. सी आणि ई वाजवले तर तीन सप्तकं उरतात. एफ आणि बी वाजवले तर दोनच : सी मेजर आणि एफ शार्प मेजर.

तुम्ही मायनर सेकंडचं नाव काढलंत, म्हणून त्याचंही सांगतो. ई-एफ ही जोडीही दोनच सप्तकांत येते, सी मेजर आणि एफ मेजर. पण ही दोन सख्खी शेजारी आहेत. त्यांचे सातपैकी सहा स्वर सारखे. म्हणजे ई-एफ ऐकूनही आपण कुठे आहोत हे बराच वेळ धूसर राहू शकतं. सी मेजर आणि एफ शार्प मेजरचं तसं नाही. त्यांच्यात समान स्वर फक्त दोन, आणि ते दोन म्हणजे हाच ट्रायटोन! या सप्तकांतला तिसरा कुठलाही एक स्वर वाजला की निकाल लागला. त्या तिसऱ्या स्वरासह ट्रायटोन तुम्हाला बाकीचं संपूर्ण सप्तक सांगून टाकतो.

रिचमंड ब्राऊन या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली हाच मुद्दा मांडला होता, की सप्तकातली दुर्मीळ स्वरांतरं कानाला जागा दाखवतात आणि मुबलक असलेली फारशी दाखवत नाहीत. मला ट्रायटोन खऱ्या अर्थाने कळला तो इथे. तो किती टोचतो हे दुय्यम आहे. तो बोट दाखवतो, हे मुख्य.

मंद्रसप्तक

जोड्या मोजल्या. २१ बरोबर आल्या आणि ट्रायटोन खरंच एकच निघाला. हे इतकं साधं कुठेच लिहिलेलं नव्हतं!

पण 'बोट दाखवतो' म्हणजे नेमकं काय होतं? आणि एफ शार्प मेजरमध्ये एफ कसा आला? त्यात एफ नसतोच ना?

अनाहत

नेमक्या जागी आलात. कीबोर्डवर बसा आणि वाचा.

डाव्या हाताने पांढरी चार, उजव्याने त्याच सप्तकातली पांढरी सात. धरून ठेवा. आता डावं बोट एक सेमीटोन खाली आणा, पांढरी तीनवर. उजवं एक सेमीटोन वर न्या, वरच्या पांढरी एकवर. ई आणि सी. दोन्ही हात एकमेकांपासून लांब गेले आणि आपण सी मेजरमध्ये जाऊन बसलो. हा ऑगमेंटेड फोर्थ. चार अक्षरं मोजा : एफ, जी, ए, बी. म्हणून फोर्थ. तो बाहेरच्या बाजूला फाकून सिक्स्थ होतो.

परत त्याच दोन पट्ट्या धरा. या वेळी डावं बोट वर न्या, काळी तीनवर. उजवं खाली आणा, काळी पाचवर. दोन्ही हात एकमेकांजवळ आले आणि कानाला एफ शार्प मेजर लागला. एफ शार्प मेजरमध्ये सातवा स्वर हीच पट्टी असते, पण तिथे तिला ई शार्प म्हणतात, कारण ई हे अक्षर तिथे रिकामं असतं आणि एफ हे अक्षर एफ शार्पने अडवलेलं असतं. आता अक्षरं मोजा : ई, एफ, जी, ए, बी. पाच. म्हणून हा डिमिनिश्ड फिफ्थ, आणि तो आत मिटून थर्ड होतो.

म्हणजे नाव लिहिणारा माणूस तुम्हाला आधीच सांगत असतो, की ही जोडी पुढे कुठे निघाली आहे. ऑगमेंटेड असेल तर बाहेर, डिमिनिश्ड असेल तर आत. सेमीटोन मोजून हे कधीच कळणार नाही, अक्षरं मोजूनच कळतं.

सी मेजरच्या आतही दोन्ही नावं भेटतात. एफ खाली आणि बी वर असेल तर ऑगमेंटेड फोर्थ. बी खाली घेऊन एफ त्याच्या वर ठेवला तर डिमिनिश्ड फिफ्थ, आणि मग बी वर सीकडे, एफ खाली ईकडे, म्हणजे आत. तुमच्या दोन पानांवर बहुधा हेच असणार.

शोधयात्री

बंदीबद्दल. चर्चने ट्रायटोनवर बंदी घालणारं फर्मान काढल्याचा, किंवा तो वापरला म्हणून कोणाला शिक्षा झाल्याचा कोणताही पुरावा नाही. ही कथा फार रंगवून सांगितली जाते, म्हणून स्पष्ट लिहितो.

मध्ययुगात तो टाळत असत, हे खरं. पण कारण गाण्यातलं होतं. अकराव्या शतकातल्या ग्वीदो द'आरेत्सो यांच्या नावाशी जोडलेल्या पद्धतीत स्वर सहा-सहाच्या गटांत शिकवत : उत, रे, मी, फा, सोल, ला. सीपासून सुरू होणाऱ्या गटात एफ हा 'फा' येतो. जीपासून सुरू होणाऱ्या गटात बी हा 'मी' येतो. म्हणजे एफ आणि बी समोरासमोर आले की एका गटाचा फा दुसऱ्या गटाच्या मीवर आदळतो. गायकाला पाय ठेवायला जागाच उरत नाही. उपाय म्हणून बी किंचित उतरवून बी फ्लॅट गात, आणि एफ-बी फ्लॅट हा सरळ परफेक्ट फोर्थ होई. फ्लॅटचं आजचं चिन्ह त्याच गोल 'बी'पासून आलं आहे.

'मी विरुद्ध फा म्हणजे संगीतातला सैतान' ही लॅटिन उक्ती लेखी सापडते ती अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर. योहान योसेफ फुक्स यांनी १७२५ च्या आपल्या काउंटरपॉइंटच्या ग्रंथात ती दिली आहे, आणि तीही जुन्या शिक्षकांचं वचन म्हणून, विद्यार्थ्याला सावध करायला. पुढे एकोणिसाव्या शतकात लिस्त, सेंट-सान्स वगैरेंनी नरक आणि मृत्यू दाखवायला ट्रायटोन मुद्दाम वापरला, आणि त्या झळाळीत मध्ययुगाची गोष्ट मागाहून रंगली.

कंपन

अनाहत यांचं विवेचन आवडलं, पण सगळं श्रेय संदर्भाला देऊ नका. स्वरांतराच्या अंगातही खरखर असते आणि ती मोजता येते.

मधला सी साधारण २६२ हर्ट्झ, त्यावरचा एफ शार्प साधारण ३७०. प्रत्येक स्वराबरोबर त्याचे उपस्वर वाजतात. सीचा तिसरा उपस्वर ७८५ च्या आसपास, एफ शार्पचा दुसरा ७४०. एक सेमीटोनचं अंतर. सीचा चौथा १०४७, एफ शार्पचा तिसरा १११०. पुन्हा सेमीटोन. म्हणजे वर दोन स्वर शांतपणे लांब उभे दिसतात आणि आत त्यांचे उपस्वर एकमेकांना घासत असतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली विसंवादाचं जे स्पष्टीकरण दिलं, ते याच घर्षणावर उभं आहे. मायनर सेकंडमध्ये मूळ स्वरच एकमेकांवर घासतात, म्हणून तो जास्त टोचतो. तुमच्या कानाने बरोबरच सांगितलं होतं.

दोन नावांबद्दलही एक भर घालतो. आजच्या समान विभागणीत ट्रायटोन म्हणजे बरोबर ६०० सेंट (एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट), गुणोत्तर २ चं वर्गमूळ, १.४१४२. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. पण हे कायमचं नव्हतं. सोळाव्या-सतराव्या शतकात ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड मीनटोन पद्धतीने लावत. तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात ऑगमेंटेड फोर्थ सुमारे ५७९ सेंटचा आणि डिमिनिश्ड फिफ्थ सुमारे ६२१ चा येतो. फरक ४१ सेंट, सेमीटोनच्या जवळजवळ निम्मा! त्या काळच्या वादकासाठी ही कागदावरची दोन नावं नव्हती. कानालाच दोन वेगळी स्वरांतरं ऐकू येत. आणि त्यातला तो ५७९ वाला ७:५ या साध्या गुणोत्तराच्या (५८२.५ सेंट) इतका जवळ आहे, की तो बराच मऊ वाजतो. कीबोर्डवर ट्यूनिंग बदलायची सोय असेल तर नक्की ऐकून बघा.

अनाहत

खरखर अमान्य नाहीच. पण नुसत्या खरखरीने दिशा कळत नाही. तुमच्या आकड्यांवरून सी-एफ शार्प ही जोडी खडबडीत आहे हे कळेल. ती जीकडे जाणार की डी फ्लॅटकडे, हे कळणार नाही.

कंपन

हे मान्य. पण खडबड नसती तर हलावंसंच वाटलं नसतं, एवढं माझं म्हणणं राहू द्या.

सहातारी

गिटारवाल्यांसाठी दोन बोटांचा खेळ सांगतो. यातून मला जॅझचं अर्धं कोडं सुटलं.

चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट. हे एफ आणि बी. हीच जोडी जी सेव्हन कॉर्डचा गाभा आहे (जी, बी, डी, एफ). डी काढून टाकला तरी कॉर्ड ओळखू येते, एफ किंवा बी काढला की तिचा जीवच जातो. बेसवाल्याला खाली जी धरायला सांगा आणि तुम्ही एवढीच दोन बोटं वाजवा, पूर्ण जी सेव्हन ऐकू येईल. मग चौथी तार एक फ्रेट खाली, तिसरी एक फ्रेट वर. ई आणि सी. पोचलात.

आता बेसवाल्याला जी सोडून डी फ्लॅट धरायला सांगा. तुमची बोटं जागची हलवू नका. डी फ्लॅट सेव्हनमध्ये स्वर कोणते? डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट, सी फ्लॅट. सी फ्लॅट म्हणजे पट्टीने बी. तोच ट्रायटोन! म्हणून सीकडे जाताना जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन चालून जातो, आणि बेस डी-फ्लॅटवरून सीवर अलगद सरकतो. यालाच ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. अनाहत म्हणतात ती दोन घरं, सी मेजर आणि एफ शार्प मेजर, त्यांचाच हा व्यवहारातला उपयोग.

आणखी एक. दोन्ही बोटं एकत्र एक फ्रेट खाली सरकवा. ई आणि बी फ्लॅट, म्हणजे सी सेव्हन. अजून एक फ्रेट खाली, ए आणि ई फ्लॅट, म्हणजे एफ सेव्हन. बेस फिफ्थ-फिफ्थच्या उड्या मारतो आणि तुमची बोटं नुसती एकेक पायरी उतरतात. ब्लूजमध्ये तर हे कुठेच कायमचं सुटत नाही, पहिली कॉर्डसुद्धा सेव्हनच असते. तिथे ट्रायटोन पाहुणा राहिलेलाच नाही, घरातला झाला आहे. तेव्हा 'ट्रायटोन सुटलाच पाहिजे' हा नियम त्या-त्या शैलीपुरता धरावा.

रागदारीप्रेमी

एक शंका. आपण सा धरून तीव्र मध्यम लावतो ते हेच अंतर ना? मग तिथे अस्थिर का वाटत नाही? तीव्र म वर न्यास नसला तरी सगळं अंग शांत असतं.

अनाहत

अंतर तेच. आणि गंमत बघा, यमनाच्या सात स्वरांतही ट्रायटोन एकच आहे, सा आणि तीव्र म यांचा. पाश्चात्त्य कानाने सी-एफ शार्प ऐकलं, की तो म्हणणार हे जी मेजर, म्हणजे घर पंचमावर. पण खाली तंबोऱ्याचा सा अखंड चालू असतो, त्यामुळे घर कुठे हा प्रश्नच उद्भवत नाही. ट्रायटोनला जे सांगायचं असतं ते तंबोऱ्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून मग तो नुसता रंग होऊन राहतो. हार्मनीच्या संगीतात षड्ज फिरता असतो, तिथे कुणीतरी पत्ता द्यावाच लागतो.

टिपकागद

मग उलट प्रश्न विचारतो. सप्तकात एकच ट्रायटोन असल्यामुळे जागा कळते म्हणालात. भरपूर असले तर?

अनाहत

फार चांगला प्रश्न. होल टोन सप्तक घ्या : सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. सहा स्वर, तीन ट्रायटोन, प्रत्येक स्वराला समोर जोडीदार. सगळेच बोट दाखवतात, म्हणून कोणाचंच खरं ठरत नाही. घर विरघळून जातं. देब्यूसीला नेमकं तेच तरंगणं हवं असायचं.

डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डमध्ये (जी शार्प, बी, डी, एफ) दोन ट्रायटोन असतात. त्यामुळे ती चार वेगवेगळ्या घरांची दारं एकाच वेळी उघडते. घर पटकन बदलायचं असलं की संगीतकार तिच्याकडे वळतात ते यासाठीच.

शोधयात्री

ऐकायला तीन जागा सुचवतो, तिन्हींत ट्रायटोनचं वागणं वेगळं आहे.

सेंट-सान्स यांच्या 'दांस माकाब्र'मध्ये (१८७४) सोलो व्हायोलिनची ईची तार उतरवून ई फ्लॅटला लावलेली असते, म्हणजे शेजारच्या एच्या तारेशी मोकळ्या तारांवरच ट्रायटोन तयार. वादक ती जोडी सरळ घासतो आणि मृत्यूचा नाच सुरू होतो.

बर्नस्टाइन यांच्या 'वेस्ट साइड स्टोरी'तलं (१९५७) 'मारिया' हे गाणं. त्या नावाचे पहिले दोन स्वर ट्रायटोनने वर चढतात आणि तिसरा अर्ध्या पायरीने फिफ्थवर टेकतो. एवढ्यात सगळी ओढ येऊन जाते.

आणि ब्रिटन यांचं 'वॉर रिक्विएम', १९६२. कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलसाठी लिहिलेलं. घंटा आणि कॉयर सी आणि एफ शार्प धरून बसतात, आणि शेवटी कॉयर हळूहळू एफ मेजरवर येतो. वर सांगितलेल्या हिशेबाने सी-एफ शार्पची घरं जी आणि डी फ्लॅट. ब्रिटन त्यातलं एकही घेत नाही. एफ शार्प खाली एफवर येतो, सी जागचा हलत नाही. तो शेवट इतका थकलेला आणि तरीही मायाळू का वाटतो, याचं निदान एक कारण मला यात दिसतं.

कंपन

याच अंतरावरचा एक प्रयोगही सांगून ठेवतो. डायना डॉइश यांनी १९८६ साली शेपर्ड टोन वापरून अर्ध्या सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर लोकांना एकापाठोपाठ ऐकवले. या टोनमध्ये स्वर कोणता ते कळतं, पण तो कुठल्या सप्तकातला ते कळत नाही. तीच जोडी काहींना चढताना ऐकू आली, काहींना उतरताना. वर्तुळावर दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच, त्यामुळे कान आपापल्या सवयीने निवाडा करतो.

मंद्रसप्तक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज स्वतः एक उदाहरण सोडवलं, तपासून द्या.

डी सेव्हन : डी, एफ शार्प, ए, सी. ट्रायटोन एफ शार्प-सी. पहिला मार्ग : एफ शार्प वर जीकडे, सी खाली बीकडे, म्हणजे जी मेजर. दुसरा मार्ग : एफ शार्पला जी फ्लॅट म्हणायचं, तो खाली एफकडे, सी वर डी फ्लॅटकडे, म्हणजे डी फ्लॅट मेजर. आणि डी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट सेव्हन चालेल.

अनाहत

सगळं बरोबर. स्पेलिंगसुद्धा.

आता तोच डी सेव्हन जी मायनरकडे नेऊन बघा. एफ शार्प वर जीकडे जाईल, तसाच, एक सेमीटोन. पण सीला आता बी फ्लॅटवर यायचं आहे, म्हणजे पूर्ण टोन. एका बाजूची ओढ तेवढीच घट्ट राहते, दुसरी सैल पडते. दोन्ही एकापाठोपाठ वाजवा, मेजरकडे आणि मायनरकडे. डावा हात तसाच ठेवून फक्त सीच्या उतरण्याकडे कान द्या.